सहावी-सातवीला अपूर्णांक आणि दशांश: मागं जावं की पुढं?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी सहावी-सातवीला गणित शिकवतो. मुलं थोडी, खोली एकच, फळाही एकच. मधोमध खडूची रेघ मारली की डावीकडं सहावी आणि उजवीकडं सातवी. पट कमी असल्याचा एक फायदा म्हणजे प्रत्येकाची वही नीट बघता येते. तोटाही तोच, कारण वही बघितली की डोकं धरायची पाळी येते.

सहावीत विचारलं, ३.४५ मोठा की ३.५? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर ३.४५. का, तर ‘पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे, सर’. सातवीत १/२ + १/३ दिलं तर अर्ध्या वर्गानं २/५ लिहिलं. वरचं वरच्यात, खालचं खालच्यात, काम फत्ते.

आणि हीच पोरं बाजारात बघा. एक मुलगी आईबरोबर मिरच्या विकायला बसते. सव्वा किलोचे पैसे मी मनात मांडायच्या आत तिनं सांगितलेले असतात. वहीत मात्र सव्वा म्हणजे १.४. (एक आणि चौथाई, म्हणून १.४. विचार केलेला आहे, नाही असं नाही.)

आता प्रश्न. चौथी-पाचवीचे अपूर्णांक पहिल्यापासून परत घ्यायचे म्हटले तर वर्षाचा भाग राहतो. पुढं रेटायचं म्हटलं तर मुलं राहतात. तपासणीला येणारे साहेब ‘किती धडे झाले’ एवढंच विचारतात. तुमच्याकडं काय करता? बेळगाव, चिक्कोडी, निपाणी भागातल्या शिक्षकांनी आणि पालकांनी सांगावं. बाहेरच्यांनीही सांगावं, फक्त ‘मुलांमध्ये आवड निर्माण करा’ असं सांगू नये.

औटकी
मी निवृत्त शिक्षक. आमच्या वेळी चौथी व्हायच्या आत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ झालेली असे. सात पाऊण सव्वापाच, नऊ दीड साडेतेरा. हा अपूर्णांकांचा गुणाकारच नव्हे काय? तुमची मिरचीवाली हेच करते आहे, फक्त आईकडून ऐकून. शाळेनं पाठांतर सोडलं आणि घरानं धरून ठेवलं. पुन्हा सुरू करा. सकाळी प्रार्थनेनंतर दहा मिनिटं पुरे.

दीडशहाणा
औटकी म्हणजे साडेतीनकी हे इथल्या निम्म्या लोकांनी आत्ता गुपचूप शोधून बघितलं असणार. त्यांचं शेकडा प्रमाण सातवीला काढायला द्या.

निपाणकर
औटकीगुरुजी, आदर राखून असहमत. माझे आजोबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. ही सगळी कोष्टकं त्यांना झोपेतसुद्धा यायची. पण एक बघा, पावकीपासून औटकीपर्यंत छेद कुठले? दोन आणि चार. बस्स. तिसरा हिस्सा, पाचवा हिस्सा, सातवा हिस्सा यांतलं काहीही त्यात नाही. हिशेब वजनकाट्याचा होता, त्यामुळं अर्धा-पाव-पाऊण एवढ्यात भागायचं. सातवीच्या पोरासमोर ३/७ आणि २/५ येतात, तिथं पाऊणकी काय करणार?

पाठांतर वाईट असं मी म्हणत नाही. वीसपर्यंत पाढे आलेच पाहिजेत, नाहीतर छेद समान करताना पोरगं ६ × ७ मध्येच अडकतं आणि मुख्य गोष्ट बाजूला राहते. पण पाठांतरानं २/५ चं दुखणं बरं व्हायचं नाही.

औटकी
मान्य. तिसऱ्या हिश्श्याची कोष्टकं नव्हती. वाटण्या मात्र व्हायच्या हो तीन भावांत.

गोकाकचा मेष्ट्रू
नमस्कार. मी कन्नड माणूस, पोस्टिंगमुळं मराठी बोर्डाच्या शाळेत आहे. मराठी चूक झाली तर सांभाळून घ्या. माझा अनुभव थोडा वेगळा. आमच्या कन्नडात २१ म्हणजे इप्पत्तोंदु, आधी वीस, मग एक. लिहितो तसंच बोलतो. मराठीत एकवीस, आधी एक. पोरांना तोंडी ७३ सांगितलं की काही जण ३७ लिहितात, सातवीतसुद्धा. बाजारात हीच पोरं सुट्टे पैसे कन्नडात मोजतात आणि चुकत नाहीत. म्हणून वर्गात मी दोन्ही चालू देतो. मग्गी कन्नडात म्हटली तरी चालेल, पाढा मराठीत म्हटला तरी चालेल, उत्तर बरोबर पाहिजे. दशांशाला तर हे फार उपयोगी. ३.४५ ला ‘तीन पॉइंट पंचेचाळीस’ म्हणू देत नाही. ‘तीन पॉइंट चार पाच’ म्हणायचं, एकेक घर. नाहीतर पंचेचाळीस हा आकडा डोक्यात बसतो आणि पाचाला खाऊन टाकतो.

पुणेरी पाटी
हे वाचून २०१९ आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा आमच्याकडं केवढा गदारोळ झाला होता! चॅनेलवर चर्चा, विधानसभेत कोट्या. गणिताच्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांनी भरलेले संख्यांचे शब्द लहान मुलांना जड जातात, दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी येतं, आणि जुनी पद्धत काही बंद केलेली नाही. ऐकून कोण घेतो. तेव्हा बेळगावात कुणी काही म्हटलं होतं का?

दीडशहाणा
बेळगावात म्हणाले, आमच्याकडं हे रोज बसमध्ये होतं, त्यात नवीन काय? कंडक्टर कन्नडात सांगतो, आम्ही मराठीत देतो, सुट्टे कुणाकडंच नसतात.

येळ्ळूरची आत्या
मेष्ट्रू, मराठी छान आहे तुमचं. आमच्या काही सरांपेक्षा बरं.

शेवटचा बाक
मी बी.एस्सी.ला आहे, शिक्षक नाही. पण त्या २/५ ची बाजू घेतो. कबड्डीत मी पहिल्या डावात २ चढायांपैकी १ यशस्वी केली, दुसऱ्या डावात ३ पैकी १. एकूण? ५ पैकी २. म्हणजे १/२ ‘आणि’ १/३ मिळून २/५, आणि ते शंभर टक्के बरोबर! पोरगं वेडं नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतंय. ‘पैकी’ची बेरीज वेगळी आणि ‘एवढ्या लांबीत तेवढी लांबी जोडली’ ही बेरीज वेगळी. पुस्तक शिकवायला सुरुवात ‘पैकी’नं करतं (आठ तुकड्यांपैकी तीन रंगवा) आणि बेरीज लांबीची करायला लावतं. मधली उडी कुणी दाखवतच नाही. मला स्वतःला हे बारावीत उमगलं.

निपाणकर
वा! हे मी असं कधी बघितलं नव्हतं. तुकडे रंगवायच्या चित्रांवर उगाच इतकी वर्षं घातली आपण.

रेषाखंड
बेळगावात हायस्कूलला शिकवतो, तुमच्याकडची मुलं आठवीत माझ्याकडं येतात. शेवटच्या बाकावरच्याशी पूर्ण सहमत. म्हणूनच माझा आग्रह संख्यारेषेचा. अपूर्णांक म्हणजे भाकरीचा तुकडा नव्हे, ० आणि १ च्या मधली एक जागा. ही जागा दिसली की १/२ + १/३ ला उत्तर काढायच्या आधीच विचारता येतं: अर्ध्यात काहीतरी घातलं, मग उत्तर अर्ध्याहून मोठं पाहिजे की लहान? मोठं. २/५ अर्ध्याहून मोठा की लहान? लहान. मग झालं कसं? हा प्रश्न पोरानं स्वतःला विचारला की लसाविचा नियम नंतर कधीही शिकवा, पाच मिनिटांचं काम.

करायचं कसं, तर चौकटीच्या वहीतली १२ चौकटी लांब पट्टी कापा. ही पट्टी म्हणजे १. अर्धी ६ चौकटी, तिसरा हिस्सा ४ चौकटी, जोडल्या की १०. बारातल्या दहा, म्हणजे ५/६. मग विचारा, १२ च्या ऐवजी याहून लहान पट्टी चालली असती का? ६ ची चालते. ५ ची? नाही, अर्धी कापताना चौकट फाटते. मुलांनी लसावि शोधला, शब्द न सांगता.

पण माझी एक तक्रार आहे, आणि ती या धाग्यालाच उद्देशून. बाजार, मिरच्या हे सगळं गोड आहे. आठवीला बीजगणित येतं. तिथं ‘क्ष’ किलो मिरच्या नसतात. प्रत्येक गोष्टीला घरगुती उदाहरण चिकटवलेली मुलं माझ्याकडं येतात आणि (−३) × (−२) ला ‘सर, हे कशाचं?’ विचारतात. कशाचंच नाही! ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०, बघ दर वेळी दोनानं वाढतंय, मग पुढचं (−१) × (−२) काय? २. नमुना पुढं न्यायचा, एवढंच. सातवीपर्यंत असं थोडं कोरडं गणितही खायची सवय लावा.

सांबऱ्याची सून
रेषाखंड सर, तुमचं बरोबर असेल, पण आमच्या घरी दूध संकलन आहे म्हणून डेअरीची बाजू मांडते.

मशीनवर फॅट दशांशात येतं. ३.५, ३.६, ३.७. प्रत्येक ०.१ ला दर बदलतो, तक्ता भिंतीवर चिकटवलेला. आमची पोरगी सहावीत आहे, संध्याकाळी स्लिपा तीच फाडते. ३.९ च्या पुढं काय? कुणालाही विचारा, ४.० म्हणणार. ‘३.१०’ म्हणणारं पोर आमच्या डेअरीवर सापडायचं नाही. एकदा तिनं विचारलंन, ४.० मधलं शून्य कशाला छापतंय, शाई जास्त झालीय काय? तिच्या बाबांनी सांगितलं, मशीननं टिंबानंतरच्या पहिल्या घरापर्यंत बघितलंय म्हणून. तिला पटलं.

मग मी एवढंच केलं. तिला म्हटलं, समज उद्या नवीन मशीन आलं आणि ते आणखी बारीक मोजतंय. ३.४ आणि ३.५ च्या मधे ते आणखी दहा घरं दाखवणार. ३.४१, ३.४२... आता ३.४५ कुठं? लगेच म्हणाली, साडेतीनाच्या अलीकडंच की गं. झालं.

मलप्रभाकाठ
सांबऱ्याच्या ताई, हे सोमवारी वर्गात जाणार! आमच्याकडंही निम्म्या घरात म्हैस आहे. मेष्ट्रूंचं एकेक घर वाचणं आणि पट्टी कापणंही घेतो.

पण एक शंका उरते. डेअरीवर बरोबर सांगणारी मुलं वर्गात का चुकतात? तेच टिंब, तेच आकडे.

खेळपट्टी
सर, तेच टिंब नाहीये. मोबाइलवर स्कोअर बघा. ३.५ षटकं झाली, पुढचा चेंडू पडला की ४. ३.६ नाहीच. तुमच्या पोरांनी आयुष्यात सगळ्यात जास्त बघितलेला दशांश हा आहे आणि तो दशांशच नाही! तिथं टिंबानंतर सहा झाले की पुढं. माझ्या पुतण्यानं ‘अडीच षटकं’ म्हणजे २.५ लिहिलं. अडीच षटकं म्हणजे पंधरा चेंडू, स्कोअरबोर्डवर २.३. शाळेत ०.५ म्हणजे अर्धा, मैदानावर ०.५ म्हणजे सहातले पाच. पोरगं कुणावर विश्वास ठेवणार? जो रोज खेळतो त्याच्यावर.

दीडशहाणा
म्हणजे दोष विराटचा. ठरलं.

दोन्हीकडचा
याच ओळीत माझं एक. आमची थोडी जमीन बेळगाव तालुक्यात, थोडी चंदगडात. इकडं पहाणीवर एकर-गुंठे-आणे, तिकडं सातबाऱ्यावर हेक्टर-आर. इकडच्या उताऱ्यात १.२० लिहिलं असेल तर तो एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण एकराला ४० गुंठे. गुंठ्याला १६ आणे. तीच दीड एकर तिकडं मोजली तर सुमारे ०.६०.७० भरते, साठ आर आणि वर सत्तर चौरस मीटर. तिथं शंभराचा हिशेब.

दोन तुकडे आहेत, १.२० आणि १.२५. भावाच्या मुलाला बेरीज सांगितली, त्यानं २.४५ करून दिली. वहीत पूर्ण गुण मिळाले असते. खरं उत्तर ३ एकर ५ गुंठे, कारण २० आणि २५ मिळून ४५ गुंठे, त्यातले ४० गेले एकरात. आणि हो, हे समजायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत, फक्त ‘चाळीस’ सांगावं लागलं.

कोडं घ्या सातवीला: ३ एकर ५ गुंठे तीन भावांत सारखे वाटा. आण्यापर्यंत.

ताटवाटी
मी मुख्याध्यापिका, चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात. खेळपट्टी आणि दोन्हीकडचा, तुम्ही दोघं ज्याच्याभोवती फिरताय त्याला आमच्या शाळेत ‘टिंबाला टोपी’ म्हणतात. टिंब दिसलं की आधी त्याच्या डोक्यावर आकडा लिहायचा. षटकं असतील तर ६, एकर असेल तर ४०, तास असतील तर ६०, दशांश असेल तर १०. टोपी घातल्याशिवाय बेरीज सुरू करायची नाही. हातचा किती झाल्यावर द्यायचा ते टोपी सांगते. पहिल्या आठवड्यात पोरं कंटाळतात, नंतर आपणहून विचारतात, ‘बाई, ह्या टिंबाची टोपी कुठली?’ हा प्रश्न आला की निम्मं काम झालं असं मी समजते.

आणि सरावाला पुस्तकातली उदाहरणं कशाला, अक्षर दासोहाची, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाची वही आहे की! पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम धान्य, सहावीपासून १५०. आज खाली ३२ आणि वर १४ मुलं हजर. ३२०० आणि २१००, मिळून ५३०० ग्रॅम. किलोत? ५.३. आता क्षीरभाग्याची (शाळेत दूध द्यायची योजना) पावडर, माणशी १८ ग्रॅम, ४६ मुलांना ८२८ ग्रॅम, म्हणजे ०.८२८ किलो. दूध माणशी १५० मिलि, एकूण ६.९ लिटर. हे हिशेब आमच्याकडं सातवीची मुलं आळीपाळीनं करतात, मी फक्त तपासते. ५ किलो ५० ग्रॅमला ५.५ लिहिणाऱ्याला स्वयंपाकघरात पाठवायचं, तिथल्या अक्का ‘अर्धा किलो जास्तीचं तांदूळ कुठनं आणू गा?’ म्हणून जे विचारतात ते माझ्या लाल पेनापेक्षा भारी पडतं.

रेषाखंड
टोपी आवडली. फक्त पुढची पायरी विसरू नका. षटकाच्या टिंबापुढं एकच घर. एकराच्या दुसऱ्या टिंबाची टोपी १६, पहिल्यासारखी ४० नाही. दशांशात मात्र प्रत्येक घराला तीच टोपी, दहा, आणि ती डावीकडंही तीच आहे. एककाकडून दशकाकडं जातानाही दहाच. त्यामुळंच दशांशाला प्रत्येक घरासाठी वेगळं टिंब लागत नाही, एकानं भागतं. हे मुलांच्या लक्षात आलं नाही तर टोपी ही आणखी एक कर्मकांड होईल.

ताटवाटी
हे खरंच आहे. आम्ही इथवर नेत नव्हतो. नेऊ.

येळ्ळूरची आत्या
मी शिक्षिका नाही. पण भाचा सातवीत आहे, त्याला अपूर्णांकांचा भागाकार ‘उलटं करून गुण’ असं सांगितलंय. का उलटं करायचं विचारलं तर म्हणतो, ‘सरांनी सांगितलंय’. मला सुचलं ते केलं. अर्धा किलो कुंदा आणलेला होता. म्हटलं, पाव किलोचे डबे भर, किती होतात? दोन. म्हणजे १/२ ÷ १/४ = २. भागलं तरी उत्तर मोठं आलं ह्याचंच त्याला नवल. मग किलोत पावाचे चार डबे, अर्ध्या किलोत त्याच्या निम्मे, म्हणून १/२ × ४. उलटं कुठनं आलं ते त्याचं त्याला दिसलं. कुंदा मात्र एक डबाच उरला.

दीडशहाणा
२ − १ = १. पडताळा झाला.

पुणेरी पाटी
एक अवांतर. इतकं गणित चाललंय तर विचारतो, भास्कराचार्य तुमचे की आमचे? त्यांचं गाव ‘विज्जलविड’ म्हणजे विजापूर म्हणतात काही जण.

निपाणकर
आणि काही जण चाळीसगावजवळचं पाटण म्हणतात, तिथं त्यांच्या नातवाच्या वेळचा शिलालेखही आहे. जन्म १११४ चा. तेव्हा ना कर्नाटक होतं ना महाराष्ट्र, माणूस निवांत होता.

दीडशहाणा
नऊशे वर्षांपूर्वीचा माणूससुद्धा सीमाभागातलाच निघाला. आता समिती नेमा.

औटकी
सीमावाद दुसऱ्या धाग्यावर, कृपया. त्यापेक्षा कापरेकर घ्या. देवळालीचे शाळामास्तर. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा करा, ६१७४ येणारच, आणि आलं की तिथंच राहणार. हातच्याच्या वजाबाकीचा इतका सराव दुसरं काहीही देत नाही, आणि पोरं ‘अजून एक’ म्हणून मागतात.

खेळपट्टी
१९५६ घेऊन बघितलं. ९६५१ − १५६९ = ८०८२. ८८२० − ०२८८ = ८५३२. ८५३२ − २३५८ = ६१७४. तीनच पायऱ्या!

दीडशहाणा
१९५६ चा प्रश्न तीन पायऱ्यांत सुटलेला मी पहिल्यांदाच बघतोय.

औटकी
:-) धागा दुसरा म्हटलं ना.

कपाटाची किल्ली
उशिरा आलो. कुणी किटचा विषय काढला नाही याचं आश्चर्य. चौथी-पाचवीसाठी गणित कलिका आंदोलनाचं (हाताळून गणित शिकायचा उपक्रम) किट आपल्या शाळांना मिळालेलं आहे, अक्षर फाउंडेशनचं. बऱ्याच ठिकाणी ते हेडमास्तरांच्या कपाटात, दोरा तुटू नये म्हणून. त्यातले शंभराचे, दहाचे, एकाचे ठोकळे सहावीला काढा. फक्त नाव बदलायचं. शंभराची पाटी म्हणजे १, दांडी म्हणजे ०.१, दाणा म्हणजे ०.०१. तीन पाट्या पाच दांड्या एका बाजूला, तीन पाट्या चार दांड्या पाच दाणे दुसऱ्या बाजूला. ३.५ की ३.४५ हे मग वादाचं राहत नाही. ग्रामपंचायतीची गणित स्पर्धा आली की ठोकळे बाहेर येतात आणि बक्षीस वाटप झालं की पुन्हा आत, असं करू नका.

पालक टिळकवाडी
माझा मुलगा शहरात इंग्रजी माध्यमात सहावीला आहे. शिकवणीला जातो, वही देखणी, आणि ३.४५ वि. ३.५ ला त्यानंही आत्ता ३.४५ सांगितलं. म्हणजे हा मराठी शाळेचा किंवा खेड्याचा प्रश्न नाही, एवढंच सांगायला लॉगिन केलं.

मलप्रभाकाठ
पालक, बरं वाटलं असं म्हणू नये, पण वाटलं.

सगळ्यांना धन्यवाद. बरंच घेतलं. शुक्रवारी टोप्या घालून झाल्या. एका पोरानं ‘मग पैशांच्या टिंबाची टोपी शंभर का?’ विचारलं, कारण तीन रुपये पाच पैसे ३.०५ आणि तीन रुपये पन्नास पैसे ३.५०. दोन घरं एकदम. छान वाद झाला वर्गात, पैसे तर त्यांनी बघितलेलेही नाहीत.

पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. मागं जाऊ की पुढं? ह्या सगळ्याला वेळ लागतो, आणि मार्चमध्ये पेपर पुस्तकावर असतो.

निपाणकर
मागं जाऊ नका. ‘पाचवीचं परत’ म्हटलं की हुशार पोरं कान बंद करतात आणि मागची पोरं ‘आपण ढ’ म्हणून गप्प बसतात. सहावीचा धडा चालू ठेवा आणि जिथं अडेल तिथंच, त्या उदाहरणात, मागचं उघडा.

रेषाखंड
मी उलट सांगेन. जून-जुलै पूर्ण द्या. पट्टी, संख्यारेषा, ठोकळे, बाकी काही नको. साहेबांना सांगा, पाया चाललाय. अपूर्णांक पक्का असलेल्या मुलाला गुणोत्तर, शेकडेवारी, सरळव्याज हे तीन धडे मिळून दोन आठवड्यांचे. कच्च्या मुलाला तेच धडे वर्षभर शिकवले तरी आठवीत माझ्याकडं कोरेच येतात. ही तक्रार नाही, दर जूनमध्ये जे दिसतं ते सांगतोय.

ताटवाटी
रेषाखंड सर, हायस्कूलला एका विषयाला एक शिक्षक असतो. आमच्याकडं गणिताचा माणूसच विज्ञान घेतो, अंड्यांचा हिशेब ठेवतो, ऑनलाइन हजेरी भरतो आणि मध्येच सर्वेक्षणाला जातो. दोन महिने एकाच गोष्टीला मिळत नाहीत. मी रोजच्या तासातली पहिली दहा मिनिटं मागच्यासाठी ठेवते, उरलेला तास पुस्तकाला. ती दहा मिनिटं दासोहाची वही असते, त्यामुळं ती बुडत नाहीत, जेवण तर रोज शिजतंच.

मलप्रभाकाठ
दहा मिनिटांचं मला जमेल असं वाटतं. जूनमध्ये रेषाखंड सरांचं करून बघायचा मोह आहे, साहेब बदलले तर.

सांबऱ्याची सून
त्या वाटणीच्या कोड्याचं उत्तर कुणी दिलंच नाही की! पोरीनं केलंय. ३ एकर ५ गुंठे म्हणजे १२५ गुंठे. तिघांत ४१ गुंठे आणि उरले २. दोन गुंठ्यांचे ३२ आणे, तिघांत १० आणि उरले २. म्हणजे प्रत्येकाला १ एकर १ गुंठा १० आणे, आणि दोन आणे शिल्लक. बरोबर?

दोन्हीकडचा
बरोबर. त्या दोन आण्यांचे तीन वाटे करायचे तर प्रत्येकी २/३ आणा. गुंठा १०८९ चौरस फूट, आणा सुमारे ६८, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे ४५ चौरस फूट. एक म्हैस बांधण्याइतकी जागा. आमच्या आधीच्या पिढीत एवढ्याच जागेवरनं बोलाचाली बंद होती, म्हणून आकडा पाठ आहे.

रेषाखंड
पोरीला शाबासकी. आता हेच तिला आरमध्ये करायला सांगा. १ गुंठा = १.०११७ आर धरा, टोपी दहाची.

सांबऱ्याची सून
सांगितलंय. म्हणतेय, आधी स्लिपा फाडून होऊ देत.